संपाची तारीख कोण ठरवतं?

संपाची नोटीस घेऊन कंपनीच्या गेटवर गेलं की पहिली अडचण येते ती पोच मिळवण्याची. टाइम ऑफिसमधला क्लार्क म्हणतो, "एचआरला द्या." एचआरमधून निरोप येतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तासाभराने कुणीतरी बाहेर येतं, कागद उलटसुलट करून पाहतं आणि "उद्या या" म्हणून आत जातं. युनियनचा सेक्रेटरी जुनाजाणता असेल तर तो हुज्जत घालत बसत नाही. दुसरी प्रत स्पीड पोस्टाने पाठवतो, तिसरी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नेऊन तिच्यावर आवक शिक्का मारून घेतो आणि युनियन ऑफिसातल्या कालनिर्णयवर त्या तारखेभोवती पेनाने गोल काढतो. तिथून दिवस मोजायचे.

मी युनियनांसाठी असे कागद तयार करण्याचं काम बरीच वर्षं करते. मागणीपत्रं, नोटिसा, कामगार आयुक्तांपुढची निवेदनं. या कामात दोन टोकाचे समज सारखे भेटतात. कुणी म्हणतं, संप आपला हक्कच आहे, मग विचारायचं कुणाला? कुणी म्हणतं, संप म्हणजे बेकायदेशीरच, त्याचं नाव काढू नका. दोघंही फसतात. संपाचा हक्क आपल्याकडे आहे, पण तो कायद्याने दिलेला आहे आणि कायद्याने तो तारखांमध्ये बांधलेला आहे. अमुक दिवसाआधी नाही, तमुक दिवसानंतर नाही, मधे अमुक प्रकरण चालू असेल तर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे युनियन, तंटे आणि संप यांविषयीचा नवा केंद्रीय कायदा, देशभर लागू झाली आणि या तारखांचं गणित पुष्कळ बदललं. ज्यांच्या घरात कुणी कारखान्यात, एसटीत, बँकेत किंवा दवाखान्यात नोकरीला आहे, त्यांना ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हक्क आहे, पण कोणता?

राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य आहे. मग संघटनेचं मुख्य हत्यार असलेला संपही त्यातच आला, असा युक्तिवाद बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केला होता. न्यायालयाने तो मानला नाही. संघटना काढणं हा मूलभूत हक्क, पण त्या संघटनेला यश मिळालंच पाहिजे, त्यासाठी संप करता आलाच पाहिजे, हा मूलभूत हक्क नव्हे, असं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरलं. त्याच सुमाराला बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात न्यायालयाने सरकारी नोकरांचा शांततेने निदर्शनं करण्याचा हक्क मान्य केला, संपाचा मात्र नाही. काळी फीत लावून काम करणं आणि काम बंद करणं यांत कायदा जो फरक करतो, तो तेव्हापासूनचा.

१९८९ साली बी. आर. सिंग खटल्यात सूर जरा निराळा लागला. संप हा निदर्शनाचाच एक प्रकार आहे आणि सामूहिक वाटाघाटीत कामगारांना त्याची गरज असते, हे न्यायालयाने मोकळेपणाने मान्य केलं. तरीही तो मूलभूत हक्काच्या पायरीवर गेला नाही. तो कायद्याने मिळालेला हक्क राहिला, आणि कायद्याने दिलेल्या हक्काला कायदा अटी घालू शकतो.

काम करणं थांबवलं तर त्याला कायद्याने परवानगी तरी का लागावी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या मद्रासमध्ये सापडतं. तिथल्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतल्या कामगारांची युनियन बी. पी. वाडिया यांनी १९१८ साली बांधली. १९२० मध्ये तंटा पेटला तेव्हा गिरण्यांच्या मालक कंपनीने हायकोर्ट गाठलं. म्हणणं असं, की कामगारांनी आमच्याशी नोकरीचा करार केलेला आहे आणि तो मोडायला वाडिया त्यांना चिथावत आहेत. कोर्टाने मनाई हुकूम दिला, नुकसानभरपाईचा बोजा आला. पुढारी कोणीही असो, त्याला अशा दाव्यात बुडवता येतं हे सगळ्या देशाला दिसलं. ना. म. जोशी यांनी त्यानंतर मध्यवर्ती कायदेमंडळात युनियनला कायद्याचं कवच मिळावं म्हणून चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर केवळ संप घडवला म्हणून कटाचा गुन्हा लावता येणार नाही आणि करार मोडायला लावला म्हणून दिवाणी दावा चालणार नाही, हे त्या कायद्याने पक्कं केलं. हे कवच नव्या संहितेतही आहे. मात्र त्यात मारहाण, नासधूस, धमकी बसत नाही. तिथे नेहमीचा फौजदारी कायदा लागतो.

१४ दिवसांचा आकडा

कवच मिळालं आणि तीन वर्षांत लगामही आला. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. त्या संपातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. १९२९ च्या व्यापारी तंटे कायद्याने रेल्वे, टपाल, पाणी, वीज यांसारख्या लोकोपयोगी सेवांमध्ये संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. आजही संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, तो आकडा तिथून आला आहे.

मग १९३८. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं आणि औद्योगिक तंट्यांचं विधेयक सभागृहात आलं. समेटाची बोलणी पूर्ण होईपर्यंत संप करायचा नाही, केला तर शिक्षा, असा त्याचा गाभा. स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यावर तुटून पडले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: संपाचा हक्क म्हणजे आपलं श्रम कोणत्या अटींवर द्यायचं हे ठरवण्याचं स्वातंत्र्य, त्याला दुसरं नाव इतकंच, आणि माणूस काम करत नाही म्हणून त्याला शिक्षा करणं म्हणजे त्याला गुलाम करणं. ७ नोव्हेंबर १९३८ ला या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी बरोबरीने उतरले. विधेयक तरीही मंजूर झालं.

हे इतकं मागे जाऊन सांगते आहे, कारण आजच्या संहितेची सगळी रचना त्या १९३८ च्या कल्पनेवर उभी आहे: आधी बोलणी, बोलणी चालू असताना संप नाही.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा या बाबतीत जरा सैल होता. त्यात दोन कप्पे होते. लोकोपयोगी सेवा असेल तर १४ दिवसांची नोटीस, समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी चालू असेपर्यंत आणि त्यानंतर सात दिवस संप बंद. साधा कारखाना असेल तर त्या केंद्रीय कायद्यात नोटिशीची अटच नव्हती. तंट्यांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणापुढे प्रकरण असताना किंवा करार चालू असताना त्याच मुद्द्यावर संप नको, अशी बंधनं तेवढी होती. औद्योगिक संबंध संहितेने हे दोन कप्पे मोडले. आता पाणीपुरवठा आणि बिस्किटांचा कारखाना एकाच नियमात आले. माझ्या मते संहितेतला सगळ्यात मोठा बदल हाच. रुग्णालयात अचानक काम थांबलं तर जीव जातो, तिथे नोटीस हवीच, याबद्दल कुठल्याही जबाबदार युनियनचं दुमत नसतं. बिस्किटं दोन दिवस उशिरा निघाली तर मालकाचं नुकसान होतं आणि संपाचा उद्देशच तो असतो. या दोन गोष्टींना एकच माप लावणं मला पटत नाही.

जूनचं एक कॅलेंडर

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. समजा, चाकणजवळ सुट्या भागांचा एक कारखाना आहे. तीनशे कामगार. पगाराच्या कराराची मुदत संपली आहे. नुसती मुदत संपून मोकळीक मिळत नाही, हे इथे आधी लक्षात घ्या. करार संपुष्टात आणत असल्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ६० दिवस जावे लागतात, तोवर जुना करार बांधतोच. ते सगळं पार पडलं, मागणीपत्र दिलं, तीन बैठका फिसकटल्या. गेट मीटिंगमध्ये हात वर झाले आणि १ जूनला युनियनने संपाची नोटीस दिली.

पहिले १४ दिवस संप नाही. म्हणजे फार लवकर म्हटलं तरी १६ जून. नोटिशीला आयुष्यही असतं. ती दिल्यापासून ६० दिवसांच्या आतच संप करता येतो, नाहीतर नवी नोटीस.

नोटीस मिळाल्यावर कंपनीने पाच दिवसांत सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला कळवायचं असतं. समेट अधिकारी म्हणजे बहुतेक वेळा कामगार आयुक्तालयातले अधिकारी. नोटीस आली की त्यांना समेटाची कार्यवाही करावीच लागते, आणि ते जी पहिली बैठक घेतात त्या दिवशी ती कार्यवाही सुरू झाली असं कायदा मानतो. समजा, ही बैठक ९ जूनला झाली. आता नवं बंधन लागलं: समेट चालू असताना संप नाही. १६ जून आला आणि गेला, कामगार कामावरच.

संपाची नोटीस असेल तर अधिकाऱ्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. २३ जूनला अहवाल आला: समेट होऊ शकला नाही. तरी लगेच संप नाही. समेट संपल्यावर आणखी सात दिवस थांबायचं. म्हणजे ३० जूनपर्यंत.

हे सात दिवस फार महत्त्वाचे आहेत. समेट फसल्यावर कोणताही पक्ष आपला तंटा थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे नेऊ शकतो, अशी सोय संहितेने केली आहे. जुन्या कायद्यात साधारणपणे हे दार सरकारच्या हातात होतं, सरकार तंटा 'रेफर' करायचं. आता युनियनही जाऊ शकते, कंपनीही. अर्जासाठी ९० दिवसांची मुदत आहे. युनियनला यात एक फायदा आहे: सरकारी टेबलावर फाइल महिनोन्‌महिने पडून राहणं टळतं. पण दुसरी बाजू बघा. न्यायाधिकरणापुढे प्रकरण चालू असताना आणि ते संपल्यावर ६० दिवस संप करता येत नाही. ज्या सात दिवसांत युनियनने हातावर हात ठेवून बसायचं, त्याच सात दिवसांत, समजा २६ जूनला, कंपनीच्या वकिलाने न्यायाधिकरणात अर्ज लावला, की ३० जूनला अर्थच उरत नाही.

याला एक अपवाद संहितेतच आहे. संप कायदेशीरपणे आधीच सुरू झालेला असेल आणि नंतर कुणी न्यायाधिकरणात गेलं, तर केवळ त्यामुळे चालू संप बेकायदेशीर होत नाही. म्हणजे सगळा खेळ आधी कोण पोचतं याचा आहे. आणि या शर्यतीत एका धावपटूला सात दिवस रेषेवर थांबायला सांगितलेलं आहे. संहितेवर कामगार संघटनांचा जो मुख्य राग आहे तो इथे आहे. संपावर बंदी कुठेही लिहिलेली नाही. पण सावध मालक कायदेशीर संपाची तारीख उगवूच देणार नाही, अशी वाट तिच्यात आहे. सरकारची भूमिका अशी, की काम बंद पडण्याआधी तंटा बोलण्यातून किंवा निवाड्यातून सुटावा. निवाडा लवकर लागत असता तर मी ही भूमिका मनापासून मान्य केली असती. पगाराच्या तंट्यात एक तारीख पडली की पुढची कधी, याची वाट बघत बसलेल्या माणसांशेजारी मी बसले आहे.

आणखी एक छोटी पण काटेरी गोष्ट. पूर्वी काही ठिकाणी संपाऐवजी सगळ्यांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकायची पद्धत होती. संहितेने संपाच्या व्याख्येतच ते आणून ठेवलं: एका उद्योगातल्या ५० टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संप. नोटीस नसेल तर बेकायदेशीर संप.

बेकायदेशीर ठरला तर?

जुन्या कायद्यात बेकायदेशीर संपात भाग घेणाऱ्या कामगाराला एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५० रुपये दंड होता. १९४७ चे ५० रुपये. संहितेत दंड १ हजार ते १० हजार रुपये झाला, कैद एक महिन्यापर्यंतच राहिली. संपाला चिथावणी देणाऱ्याला, पैसे पुरवणाऱ्याला १० हजार ते ५० हजार रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. बेकायदेशीर टाळेबंदी करणाऱ्या मालकाला ५० हजार ते १ लाख. मोठ्या कंपनीला १ लाख म्हणजे काय आणि हेल्परला १० हजार म्हणजे काय, हा हिशोब ज्याने त्याने करावा.

खरं सांगायचं तर कामगारांना दंडाची भीती फारशी नसते. भीती असते पगाराची आणि नोकरीची.

पगाराचं असं आहे. कायदेशीर संपातही 'काम नाही, दाम नाही' हेच सुरुवातीचं गृहीत. संपकाळातला पगार मिळवायचा असेल तर संप कायदेशीर हवा आणि समर्थनीयही हवा, दोन्ही. १९९४ च्या सिंडिकेट बँक खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने हे स्पष्ट केलं. कायदेशीर म्हणजे तारखा आणि नोटीस पाळली. समर्थनीय म्हणजे मागणी आणि परिस्थिती बघता संपाचं कारण अवास्तव नव्हतं. मागणी शंभर टक्के न्याय्य असली आणि नोटीस दोन दिवस कमी पडली, तर पगार गेला. आणि चार तासांच्या संपासाठी दिवसाचा पगार कापता येतो का? बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, कापता येतो. शिवाय दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, पूर्वसूचना न देता गैरहजर राहिले आणि नोकरीच्या अटींत तशी तरतूद असेल, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा वेतनाच्या कायद्यात जुन्या काळापासून आहे. वेतन संहितेतही ती आहे. 'एक दिवस बसू, एक दिवसाचा पगार जाईल' असं म्हणणाऱ्यांनी आपल्या नेमणूकपत्रातली बारीक अक्षरं एकदा वाचावीत.

नोकरीच्या बाबतीत दिलासा थोडा जास्त आहे. बेकायदेशीर संपात होता म्हणून कुणाची नोकरी आपोआप जात नाही. प्रत्येकाला आरोपपत्र, प्रत्येकाची चौकशी, त्याने नेमकं काय केलं हे दाखवणं गरजेचं. गुजरात स्टील ट्यूब्ज खटल्यात १९७९ साली न्यायालयाने सरसकट बडतर्फी उचलून धरली नाही. नुसता घरी बसलेला कामगार आणि गेटवर दगड मारणारा कामगार यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आपल्याला सरसकट पत्र आलं असेल तर घाबरून राजीनामा देऊ नका. पत्राला लेखी उत्तर द्या आणि उत्तराची पोच ठेवा.

महाराष्ट्राची वेगळी वाट

आपल्या राज्यात यावर आणखी एक थर आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीतला, म्हणून राज्याचेही कायदे आहेत. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आणि १९७१ चा कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा कायदा. हा दुसरा सगळे 'एमआरटीयू पल्प' म्हणूनच ओळखतात. संहितेने जे तीन केंद्रीय कायदे रद्द केले त्यांत हे दोन नाहीत, त्यामुळे संपाचा विचार करणाऱ्या युनियनने दोन्हीकडच्या अटी वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय तारीख जाहीर करू नये.

पल्प कायद्याने कारखान्यांनाही १४ दिवसांची नोटीस लावली होती. त्यात मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीआधी सदस्यांच्या बहुमताचा कौल घ्यावा लागतो. मला ही अट चांगली वाटते. चूल बंद पडणार ती सदस्याची, मग मत त्याचंच हवं. मुद्दाम संथगतीने काम करणं, अधिकाऱ्यांना घेराव घालणं या गोष्टी या कायद्यात युनियनच्या अनुचित प्रथांमध्ये मोडतात. आणि एक तरतूद अशी आहे की ती प्रत्येक कामगाराने पाठ करावी: कामगार न्यायालयाने संप बेकायदेशीर ठरवला आणि तो ४८ तासांच्या आत मागे घेतला, तर या कायद्यापुरता तो बेकायदेशीर धरला जात नाही. परत फिरायला दोन दिवस दिलेले आहेत.

१९४६ च्या कायद्याची गोष्ट मात्र दुःखाची आहे. त्या कायद्यात एका उद्योगात 'प्रातिनिधिक' ठरलेली युनियनच मालकांशी बोलू शकते. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले ते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. संघाच्या मागे ते नव्हतेच. कायद्याच्या चौकटीत सामंतांना वाटाघाटीला बसवायची खुर्चीच नव्हती. संप बेकायदेशीर, आणि जिच्याशी बोलता येईल ती युनियन कामगारांना नको. पगारवाढीइतकीच मोठी मागणी तो कायदा रद्द करा अशी होती. सरकार हललं नाही, मालक हलले नाहीत. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. लालबाग-परळच्या चाळींमध्ये तो नुसता विरत गेला, कुणी गावाला गेलं, कुणी भाजीची गाडी लावली. कामगार एकीकडे आणि कायद्याने मानलेला प्रतिनिधी दुसरीकडे, अशी फट पडली की काय होतं ते त्या वस्तीने भोगलं. नव्या संहितेत वाटाघाटीचा एकट्याचा हक्क मिळवायला ५१ टक्के सदस्य लागतात. ते कुणाकडेच नसतील तर किमान २० टक्केवाल्या युनियनांची परिषद. १९८२ पेक्षा हे बरं आहे. सदस्यसंख्या प्रामाणिकपणे मोजली गेली तर.

मेस्मा, एसटी आणि सरकारी नोकर

सरकारी कर्मचाऱ्यांचं गणित निराळंच आहे. त्यांच्या वर्तणूक नियमांतच संपाला मनाई असते. २००३ साली तमिळनाडूत जयललिता सरकारने संपावर गेलेल्या दीड लाखाहून जास्त कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बहुतेकांना माफी लिहून घेऊन परत घेण्यात आलं, पण त्या टी. के. रंगराजन निकालात न्यायालयाने एक कठोर वाक्य मागे ठेवलं: सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक, कोणताच हक्क नाही. 'नैतिक' हा शब्द मला आजही खटकतो. कायदा काय ते कोर्टाने सांगावं. भुकेल्या माणसाने काम थांबवणं नैतिक आहे की नाही, हे कोर्टाच्या अखत्यारीत यावं असं मला वाटत नाही.

मेस्मा, म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, हा सरकारच्या हातातला आणखी एक दांडा. एखादी सेवा अत्यावश्यक म्हणून आदेश काढला की त्या सेवेत संप बंद. मोडला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, कैद होऊ शकते. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले, त्याच दिवशी विधिमंडळात मेस्माचं विधेयक मंजूर झालं. वीज, पाणी, दवाखाने यांना असं संरक्षण असावं यात शंका नाही. पण मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्माखाली आणलं गेलं. ज्यांना सरकार पगार देत नाही, 'मानधन' देतं, कर्मचारी मानायला तयार नसतं, त्याच बायका संपावर जायच्या म्हटल्यावर एकदम अत्यावश्यक ठरल्या. विधिमंडळात गदारोळ झाला आणि आदेशाला स्थगिती द्यावी लागली. अत्यावश्यक आहेत तर पगारही तसाच द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं.

एसटीचा संप आपल्या सगळ्यांच्या आठवणीतला. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झाला, एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मागणी महामंडळाच्या राज्य सरकारमधल्या विलीनीकरणाची. उच्च न्यायालयाने मनाई केली तरी डेपो बंदच राहिले. नोव्हेंबरमध्ये सरकारने मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ दिली, तेव्हा काही परतले, बरेच थांबले. हजारो जणांवर बडतर्फीची कारवाई झाली. शेवटी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत हजर व्हा, नोकरी जाणार नाही असा मार्ग काढून दिला. त्या काळात खेड्यातल्या किती मुलींची शाळा-कॉलेजं सुटली, किती म्हाताऱ्या माणसांचा तालुक्याचा दवाखाना बंद झाला, हे मी विसरत नाही. लाल परीला पर्याय नसतो. आणि महिना बारा-पंधरा हजारांवर रात्रीची गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरलाही पर्याय नव्हता. तारखांचा कायदा अशा वेळी कुणाच्याच उपयोगी पडला नाही. उपयोगी पडला तो फक्त शेवटचा आदेश, ज्याने दोन्ही बाजूंना तोंड लपवायची वेळ न आणता परत येऊ दिलं.

संप सुरू झाला की दुसऱ्या दिवशी गेटवर एक कागद चिकटवलेला असतो: 'हा संप बेकायदेशीर आहे, कामगारांनी तत्काळ कामावर रुजू व्हावे.' त्याच्यापुढे घोळका जमतो, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि दुपारपर्यंत निम्मे घाबरलेले असतात. तो कागद वाचताना आधी खाली सही कुणाची ते बघा. मॅनेजरची असेल तर ते कंपनीचं मत आहे. तारखा तुमच्या बाजूने असतील तर त्याने काही बदलत नाही. न्यायालयाचा आदेश जोडलेला असेल तर त्यावरची तारीख आणि वेळ वहीत लिहून घ्या, आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलवा. ४८ तासांतले काही तास तोवर संपलेले असतात.